काळ्या वडीच्या मुंग्या

आंजीच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्यांवर अख्खं गाव गुडघे मुडपून, टाचांवर बूड टेकून बसलं होतं. खुर्चीला मनाई होती. "खुर्चीवर बसलं की नस झोपते," असं गावोगाव औषधी वड्या विकणारे मुकेशगुरुजी खुर्चीवर बसून सांगत होते.

"डार्क चॉकलेट! लोक मिठाई समजतात. अरे, नसांचा झाडू आहे हा, झाडू! जिभेवर ठेवा, डोळे मिटा, मग एकदम उठा. पायात रक्त नाचलं नाही तर नाव बदलीन!"

प्रवचन लांबतच गेलं. शेवटी हातोहात काळ्या वड्या वाटल्या गेल्या आणि माणसं उठली.

"आल्या! मुंग्या आल्या!" नत्थू पाय झटकत ओरडला. प्रमिलाबाईंनी भिंत धरली. "मेला पाय जिता झाला वो माय!"

जिजाबाईही उठून उभी राहिली. शेजारी नवरा, प्रेमदास. साखरेच्या आजारानं त्याचे पाय बधिर झाले होते. निखाऱ्यावर पडले तरी कळत नसे. हळूहळू घरही तसंच झालं. तो बोलेना, ती विचारेना. मागल्या खेपेला गुरुजी म्हणाले, चॉकलेट आणि गोळ्या ही दोन औषधं आपसात भांडतात. त्यानं दवाखान्याच्या गोळ्या सोडल्या. तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

"आल्या का तुमाले?" तिनं विचारलं.

"आल्या."

तिच्याही पायात झिणझिण्या उठल्या होत्या. मग तिचा हात पदराच्या गाठीवर गेला. वडी तिथंच होती, नातीसाठी ठेवलेली.

"गुरुजी," ती म्हणाली, "म्या तं वडी खाल्लीच नाई. मंग मले काऊन मुंग्या आल्या?"

"माताजी, श्रद्धा असेल तर नुसता वास पुरतो."

"वासानं भागते तं इकता काऊन?" नत्थूनं विचारलं. लोक हसले.

मागं उभी असलेली डॉक्टर पौर्णिमा पुढं आली. गावचीच पोर, आता सरकारी दवाखान्यात होती. "सगळे पुन्हा तसेच बसा. वडी न खाता. गुरुजी, तुम्हीपण. सतरंजीवर."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं, पण दारात माणसं वाट अडवून उभी होती. बसावं लागलं. बऱ्याच वेळानं पौर्णिमानं सगळ्यांना उठवलं, तर सगळ्यांत आधी गुरुजीच एका पायावर नाचले.

"टाचांवर बसलं की पायाच्या नसा दबतात," पौर्णिमा म्हणाली. "उठलं की मोकळ्या होतात, म्हणून झिणझिण्या."

"हे तं वावरात निंदून उठल्यावर रोजचंच आहे की वो!" प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"मंग चॉकलेट खोटं का?" कुणी विचारलं.

"चॉकलेट खोटं नाही, गुरुजी खोटे. कोकोनं रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण तेवढ्यानं ते औषध होत नाही. त्यात साखरही असते. त्याच्या भरवशावर गोळ्या सोडायच्या नाहीत."

जिजाबाईनं तोवर नवऱ्याला गुरुजींच्या खुर्चीवर बसवलं होतं. बधिर पायात मुंग्या कशा येतील, हे तिला खटकत होतं; तिनं त्याचा तळवा उचलून पाहिला. अंगठ्याखाली बाभळीचा काटा रुतला होता, भोवती मांस काळं पडलं होतं. तिनं दाबलं. पू आला. प्रेमदास भिंतीकडे पाहत राहिला.

"खरं सांगा. मुंग्या आल्या होत्या का?"

त्यानं आधी लोकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाई. एवढे लोक हो म्हणून राह्यले होते, मी एकटा नाई कसा म्हनू? मले काईच कळत नाई, जिजा."

तिला रडू आलं नाही. तिनं फक्त त्याचा पाय मांडीवर घेतला. पौर्णिमा वाकून पाहत म्हणाली, "काकू, आत्ताच वर्ध्याला चला."

बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच करून पाहा: ती वस्तू न घेताही तेच घडतं का? आणि सारं गाव 'हो' म्हणत असलं, तरी तुम्हाला जाणवलं नसेल तर तसं सांगा. प्रेमदासचा अंगठा गेला. पाय वाचला, कारण उशिरा का होईना, तिनं विचारलं आणि तो 'नाई' म्हणाला.