पाण्याला ऊन

गच्चीवर उन्हात बारा बाटल्या होत्या. सहा उघड्या, सहा फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. बाराही बाटल्यांत काकांच्या गोठ्यातलं शेणमुताचं तपकिरी पाणी, बारीक गाळलेलं. आणि तिच्या वहीच्या पहिल्या पानावर एक जुना आकडा: मेलेले मासे, चारशे बारा. काकांच्या गोठ्याखालच्या ओढ्यावर भरणाऱ्या वडिलांच्या तळ्यातून ते तिनेच वेचले होते. त्या दिवसापासून वडील तळ्याकडे फिरकले नव्हते, आणि ती काकांवर दात धरून होती.

काका आता दुसरा गोठा बांधणार होते. सोमवारी प्रदूषण मंडळाच्या तपासनीस बाई परवानगीचा निर्णय देणार होत्या.

आठव्या दिवशी काका मुद्दाम जिना चढून आले.

"काय गं शास्त्रज्ञ, दुकान मांडलंस की काय?"

"माल तुमचाच आहे, काका."

त्यांनी एक उघडी बाटली उजेडात धरली. रंग पार उडाला होता. "बघ! गाद्यांना ऊन दाखवतात ना, तसं मी पाण्याला दाखवतो. आठ दिवस उथळ टाकीत, मगच ओढ्यात. मासे तुझ्या बापाच्या वेंधळेपणाने मेले."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. आवाज मात्र तिने लोण्यासारखा ठेवला. "हे लिहून द्याल? बाईंना दाखवते."

काकांनी तिच्याच पेनाने लिहून दिलं, वर झोकदार सही ठोकली.

उन्हाने रंग जातो, माल जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. अख्खं असताना जे जंतूंच्या घशाखाली उतरत नाही, त्याचे तुकडे ते मिटक्या मारत खातात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात.

तिने प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी वेगळ्या बाटलीत स्वच्छ पाण्यात मिसळलं, जंतूंसाठी तळ्याच्या पाण्याचा एकेक थेंब घातला आणि बुचं घट्ट लावून पाच दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवलं. सुरुवातीला प्राणवायू सगळ्यांत सारखाच: लिटरला ८.४ मिलिग्रॅम.

सोमवारी काका कडक इस्त्रीत आले. बाईंनी कागद वाचला.

"आठ दिवस ऊन दाखवून सोडता? सही तुमचीच?"

"माझीच! वाटलं तर पुन्हा करतो."

"नको. माशांना किती प्राणवायू लागतो?" बाईंनी तिला विचारलं.

"निदान चार."

बाईंनी कपाटातल्या एकेका बाटलीत प्राणवायूचा मीटर बुडवला. एकेक आकडा त्या मोठ्याने वाचत गेल्या, ती लिहीत गेली.

फॉइलमधल्या सहा, सरासरी ५.१. ऊन दाखवलेल्या सहा, सरासरी १.३.