पूर्वेच्या फेरीची पेटी

मी बिन्शी बोलतेय. वीतभर उंचीची, वर मूठ असलेली लाकडी पेटी. माझ्या पोटात कप्पे आहेत. दोन कप्प्यांत तांदळाच्या दारूच्या बाटल्या, एकात पेला, बाकीच्यांत तांदूळ. आमच्या ओकिनावा बेटावर घरातली थोरली बाई मला हातात घेऊन पूर्वेच्या फेरीला निघते. जुने गड, गडांवरच्या देवराया, झरे, लाटांत उभे असलेले खडक. प्रत्येक ठिकाणी ती मला जमिनीवर ठेवते, माझं झाकण वर सरकवते, हात जोडते आणि बोलायला लागते.

इतकी वर्षं मी ऐकतच आले. आज जरा मीही बोलते. तक्रार काही नाही, घाबरू नका.

माझा जन्म छावणीतला. दुसऱ्या महायुद्धात आमच्या बेटावर झालेली लढाई संपून वर्ष होत आलं होतं. चिनेनच्या बाजूला तंबूच तंबू लागले होते आणि माणसं अजून त्यातच राहत होती. गोझेई आहागोन ही त्यांतली एक. एकतीस वर्षांची, पाठीवर दोन वर्षांचा मुलगा सेइतोकु. नवरा लढाईत गेला तो परतला नव्हता. घर जळलं होतं, आणि घराण्याची जुनी बिन्शी घराबरोबर गेली होती.

गोझेईचा थोरला भाऊ सानरा होड्या बांधणारा सुतार. त्याच्याकडे ती रोज जायची आणि एकच सांगायची, "दादा, पेटी करून दे."

"लाकूड कुठंय?" सानरा म्हणायचा. "डोंगरात झाड उभं राहिलंय का एक तरी?"

एके दिवशी ती अमेरिकन सैन्याच्या डब्यांचं एक फुटकं खोकं घेऊन आली. सानरानं फळ्या उलटसुलट करून पाहिल्या. त्यांच्यावर काळी परदेशी अक्षरं छापलेली होती.

"मांसाच्या डब्यांचं खोकं आहे हे, गोझेई. देवांना चालेल का?"

"यंदा देवांनी काय काय चालवून घेतलंय," गोझेई म्हणाली, "त्यात हे काय मोठं."

सानरानं खिळे सरळ केले, फळ्यांवर रंधा मारला, आणि चार दिवसांत मला उभं केलं. अक्षरं त्यानं आतल्या बाजूला घेतली. बाटल्या औषधाच्या होत्या. पेला गोझेईनं स्वतःच्या घराच्या राखेतून उकरून काढलेला, काठाला टवका उडालेला. चांगल्या घरच्या पेट्या सागवानी रंगाच्या, चकचकीत असत. मी फिकट, हलकी, ओबडधोबड. पण त्या सालात अख्ख्या भावकीत पेटी म्हणून मी एकटीच होते.

पहिली फेरी आम्ही पायी केली. लढाईआधी भावकीतली तीस-पस्तीस माणसं निघायची म्हणे. त्या वर्षी अकरा होती. तामागुसुकुचा गड चढताना शेवटची वाट जवळजवळ उभीच आहे. वर अखंड कातळ कोरून केलेला दरवाजा, एका माणसापुरता. त्यातून आत गेलं की गडावरचं देवस्थान, आणि मागे वळलं की खाली निळा समुद्र. गोझेईनं मला मांडलं आणि हात जोडले.

आमच्याकडे देवाशी बोलायची रीत आहे. आधी आपला पत्ता सांगायचा, मग घरातल्या माणसांची नावं, बारा वर्षांच्या चक्रात कोण कुठल्या प्राण्याच्या वर्षी जन्मलं ते. मगच पुढचं.

"अगं बोल ना," मागून उतो म्हणाली. उतो ही गोझेईची जाऊ, जिभेची तिखट. "ऊन चढतंय."

"पत्ता काय सांगू?" गोझेई म्हणाली.

शेवटी गोझेईनं तंबूचा नंबर सांगितला. सशाच्या वर्षाची गोझेई, माकडाच्या वर्षाचा सेइतोकु, आम्ही दोघं आहोत, असं सांगितलं. नवऱ्याचं नाव ओठांपर्यंत आलं आणि ते आहेत म्हणून सांगावं की नाहीत म्हणून, हे न कळून तिनं ते तसंच ठेवलं. मग पेल्यात दारू ओतली. दारू कसली, कुणीतरी चोरून गाळलेलं काहीतरी होतं. ती म्हणाली, "एवढी माणसं ठेवलीत, उपकार झाले." आणि तिनं कपाळ जमिनीला टेकवलं.

माझं पहिलं ऐकणं ते. देवांना काय वाटलं मला ठाऊक नाही. मला मात्र तेव्हाच कळलं की मी खोकं राहिले नाही.

पुढची पंचवीस-तीस वर्षं माझ्या सुखाची. घर उभं राहिलं. फेरीला आधी ट्रक मिळाला, मग बस. दर काही वर्षांनी, भाद्रपदाच्या सुमारास ऊन जरा उतरलं की भावकी जमायची. जिथं पहिलं भात उगवलं म्हणतात त्या झऱ्यावर माझ्या बाटल्या धुतल्या जायच्या. सेफाच्या देवराईत दोन प्रचंड खडक एकमेकांना टेकून उभे आहेत, तिथं मला ओल्या शेवाळावर ठेवायचे. माझा रंग हाताच्या घामानं गडद होत गेला. माणसं किती तऱ्हेची बोलायची. कुणी सुनेला मूल होऊ दे म्हणायचं, कुणी मुलाची परीक्षा, कुणी म्हशीचा पाय. उतो तर देवाला शेजारणीची चहाडी सांगायची. पण उठायच्या आधी सगळी माणसं, अगदी उतोसुद्धा, आभार मानून उठायची. ही सवय मला फार आवडते.

सेइतोकु कामासाठी जपानच्या मोठ्या बेटांवर गेला आणि तिकडूनच बायको घेऊन आला. हात्सुए तिचं नाव, कागोशिमाची, तेवीस वर्षांची, हसरी. गोझेईनं तिला वाईट वागवलं नाही, पण चुलीच्या देवापुढे मात्र बसू दिलं नाही. "इथल्या देवांना तुझी बोली कळायची नाही गं," एवढंच म्हणायची.

एका रविवारी गोझेई शेतात होती. नवरा-बायकोनं समुद्रावर जायचं ठरवलं. हात्सुएला फळीवर मी दिसले. मूठ असलेली, कप्प्यांची, सुबक पेटी. तिनं मला पुसलं, बाटल्या बाजूला काढल्या आणि माझ्यात भाताचे गोळे भरले. पेल्याच्या कप्प्यात आलुबुखाराचं लोणचं.

खरं सांगू? मला राग आला नाही. समुद्रावर मी कितीदा तरी गेले होते, पण कुणी माझ्याभोवती बसून जेवलं नव्हतं. सेइतोकुनं मला पाहिलं तेव्हा तो आधी पांढरा पडला आणि मग हसत सुटला. "आई मारणार आपल्याला," तो म्हणाला.

आईनं मारलं नाही. संध्याकाळी तिनं माझं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," हात्सुए म्हणाली. "जेवणाचा डबा वाटला मला, आई. चुकलं."

"चूक नाही गं ती. माहीत नसणं आहे," गोझेई म्हणाली. "म्हणून तर म्हणते, हात लावू नकोस."

हात्सुएची मान खाली गेली. रागावण्यापेक्षा हे फार लागलं तिला. गोझेईनं मला कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिलं.

त्यानंतर दोन फेऱ्या झाल्या, मग गोझेईचे गुडघे गेले. भावकी जायची, आमच्या घरून कुणी जायचं नाही. मी वरच राहिले. एका वादळात कपाट हललं आणि माझी एक बाटली फुटली. झाकणाच्या फटीतून पाल आत आली आणि तिनं तांदळाच्या कप्प्यात अंडी घातली. दहा-बारा वर्षांत मला भेटायला आलेली ती एकटीच. तिची पिल्लं माझ्यात वाढली. तिचेही माझ्यावर उपकारच.

मग एका सकाळी, शहात्तर वर्षांची गोझेई अंगणात पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला: "नाही." भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. सेइतोकु वैतागायचा. "आई, चहा हवा का?" "नाही." कप उचलला की डोळे वटारायची. हात्सुए मात्र दिवसभर तिच्यापाशी. महिन्याभरात तिला एकेक 'नाही' ओळखू यायला लागला. "हा लांब 'नाही' म्हणजे हो," ती नवऱ्याला सांगायची. "तुटका असला तर पाठीखालची उशी सरकलीय."

त्या वर्षी फेरी होती. उतो विचारपूस करायला आली आणि जाता जाता म्हणाली, "यंदाही तुमचं घर राहू दे. करणार कोण? ही अशी, आणि तू..." पुढचं तिनं गिळलं.

हात्सुए गोझेईकडे वळली. "आई, जाऊ या का?"

"नाही," गोझेई म्हणाली. लांब.

उतो गेल्यावर हात्सुए स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. अंड्यांची टरफलं काढली, धुतलं, उन्हात वाळवलं, नवी बाटली बसवली. मग मला गोझेईच्या बिछान्याशी ठेवून म्हणाली, "तेव्हा मला माहीत नव्हतं. आता शिकवा."

गोझेईनं डावा हात उचलला. कोरडे तांदूळ इकडे, धुतलेले तिकडे. हात्सुएनं तांदूळ तीनदा धुतले आणि थांबली. गोझेईनं चटईवर बोटं आपटली. चार, पाच, सहा. सातव्यांदा धुतल्यावर हात खाली गेला. असं आठ दिवस चाललं. एकमेकींशी त्या इतकं याआधी कधी बोलल्या नव्हत्या.

तामागुसुकुच्या पायथ्याशी भावकीची गाडी थांबली. वर जाणारी उभी वाट पाहून सेइतोकु म्हणाला, "आई, तू इथूनच हात जोड. वरच्या देवाला इथूनही पोचतं."

"नाही."

"हा कुठला?" त्यानं बायकोला विचारलं.

"तुम्ही पेटी घ्या," हात्सुए म्हणाली, आणि वाकून तिनं सासूला पाठीवर घेतलं.

मी सेइतोकुच्या हातात, पुढे. मागून हात्सुएचा श्वास ऐकू येत होता. मध्ये दोनदा ती थांबली. कातळाच्या दरवाजातून वाकून जाताना तिचा गुडघा फुटला. वर पोचल्यावर तिनं गोझेईला झाडाला टेकवून बसवलं, मला मांडलं, रितीप्रमाणे कागदावर न पेटवलेली चपटी उदबत्ती ठेवली आणि हात जोडले. भावकी मागे गोळा झाली.

तिला आमची बोली येत नव्हती. ती आपल्या माहेरच्या बोलीत बोलायला लागली, गावातल्या मोठ्या माणसाला सांगावं तसं.

"मी हात्सुए. ड्रॅगनच्या वर्षाची. आहागोनांची सून." मग तिनं पत्ता सांगितला, घराच्या नंबरासकट. "सशाच्या वर्षाच्या माझ्या सासूबाई मागे बसल्यात. त्यांना बोलता येत नाही म्हणून मी बोलतेय. माझे शब्द बरोबर नसतील. या पेटीत मी एकदा लोणचं ठेवलं होतं, तेही सांगून टाकते. सासूबाई वाचल्या, त्याबद्दल आभार मानायला आलोय. दुसरं काही नाही."

मागे कुणीतरी लोणच्याला खुदकन हसलं. उतो पुढे सरकली. "ऊठ बाई, झालं ते झालं. आता मी नीट म्हणते परत."

"नाही," गोझेई म्हणाली.

सगळे वळून बघायला लागले. तो 'नाही' लांबही नव्हता आणि तुटकाही नव्हता. त्याचा अर्थ हात्सुएला कुणी विचारला नाही. उतो जागच्या जागी बसली, आणि थोड्या वेळानं तिनंही हात जोडले. गोझेईनं डावा हात पुढे केला. हात्सुएनं देवापुढचा पेला तिच्या हाती दिला. गोझेईनं त्यातला घोट घेतला आणि उरलेला सुनेपुढे धरला. हात्सुएनं दोन्ही हातांनी तो घेतला आणि तिला रडू आलं.

गोझेई आणखी चार वर्षं जगली. तिच्या मागे मी हात्सुएकडे आले. आता हात्सुएचे केस पांढरे झालेत. भावकीतच नव्हे, गावातही ती जाणती मानली जाते. ज्यांच्या घरात देवापुढे म्हणणारं कुणी उरलं नाही, ते तिला बोलावतात. दुकानात माझ्याहून देखण्या पेट्या मिळतात. माझा एक कोपरा खिळखिळा झालाय, मूठ दोनदा बदलली. तरी ती मलाच घेऊन निघते.

गेल्या महिन्यात आम्ही सेफाच्या देवराईत होतो. तिथं आता पुष्कळ लोक पाहायला येतात. एक तरुण मुलगी, बहुधा तोक्योची, फोटो काढता काढता आम्हाला पाहून थांबली. फोन खाली करून ती बाजूला उभी राहिली, आमचं होईपर्यंत. तुम्ही कधी आलात तर एवढंच करा, माझी दुसरी विनवणी नाही.

हात्सुए उठल्यावर मुलीनं हळूच विचारलं, "आजी, काय मागितलंत?"

"मागितलं काही नाही गं."

"मग इतका वेळ काय बोलत होतात?"

"कळवत होते," हात्सुए म्हणाली आणि तिनं माझं झाकण खाली सरकवलं. "घरी सगळे बरे आहेत, म्हणून."

मीही त्याचसाठी बोलले. मी बरी आहे.