तिसऱ्या तळणाचं तेल

काकूंच्या स्वयंपाकघरात काडीची नासाडी होत नसे. पाहुण्यांसाठी कढईत ताजं तेल पडे. दुसऱ्या दिवशी त्यातच घरच्यांचं तळण होई. तिसऱ्यांदा ते काळं, चिकट झालं, की काकूंना दानधर्म आठवे. करपलेल्या कांदा-लसणासकट पळीभर तेल ठमी मांजरीच्या भातावर, आणि उरलेलं बाटलीतून भांडी घासणाऱ्या मावशींना.

“तेलानं केस कसे चमकतात बघा,” असं म्हणत काकू शेजारणींना ठमीची पाठ दाखवत.

ठमीला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा काकूंनी तिला नाटकी ठरवलं. तिनं भाताकडे पाठ फिरवली, तर म्हणाल्या, माजली आहे. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड धरून त्यांनी घास कोंबला.

चौथ्या दिवशी मावशींनीच तिला पिशवीत घातलं आणि काकूंना बरोबर घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ठमीच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. काय खायला घालता, असं डॉक्टरांनी विचारताच काकूंनी कौतुकानं सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, “ताज्या तेलाचा थेंब चाटला म्हणून मांजर मरत नाही. पण तिला त्याची गरजही नसते. रोज पळीभर घातलं, की पोट बिघडतं, आतून सूज येते. कांदा-लसूण तर तिच्या रक्ताला विष. आणि हे जळकं तेल तुम्ही स्वतः खाता का?”

“छे! आम्ही कसं खाऊ?”

बोलून गेल्यावर काकूंना मावशींची नजर दिसली. ठमीनं डॉक्टरांच्या टेबलावरच प्राण सोडला.

परतताना रिकामी पिशवी चारपदरी घडी घालून मावशींनी काखेत धरली होती.

“काकू, माझ्या बाटलीत तेच असतं ना?”

“तुम्ही गाळून घेत असाल, असं वाटलं मला.”

“माझी धाकटी मुलगी सारखी पोट धरून बसते. तुम्हीच म्हणालात, बाहेरचं अरबट-चरबट खात असेल. त्यापायी मी मारलं हो तिला.”

काकू भराभर पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताज्या तेलाची बंद बाटली पुढे केली. मावशींनी पदराला हात पुसले.

“नको. तुमच्या हातचं आता ताजंही घशाखाली उतरायचं नाही.”

मावशी गेल्यावर काकूंनी पान वाढून घेतलं, भातावर कढईतलं काळं तेल ओतलं आणि पहिला घास घेतला. तो गिळवेना. ठमीच्या तोंडात असाच घास कोंबताना तिनं नखंसुद्धा काढली नव्हती, हे त्यांना तेव्हा आठवलं. त्या दिवसापासून त्या घरात तिसरं तळण झालं नाही.

वाचकहो, मांजराला आपलं तेल नको, हे तर खरंच. पण जे आपण आपल्या पानात वाढून घेणार नाही, ते मुक्या जिवाच्या किंवा गरजवंताच्या पुढे सरकवणं, याला दान म्हणू नये. ती आपली कचरा टाकायची सोय असते, आणि ती कुणाच्या तरी पोटात होते.

बंद बाटली अजून ओट्यावर आहे. मावशी रोज तिच्याभोवतीनं ओटा पुसतात.