अंबूच्या वाटच्या गोळ्या

नर्सबाईची पाठ वळली तशी राहीबाईनं सुनेच्या हातातली कागदाची पुडी काढून घेतली आणि आपल्या कनवटीला खोचली.

"आत्याबाई, रोज एक घ्याया सांगितलीया," अंबू हळूच म्हणाली.

"ऐकलंय मी. माज्यापशी राहू दे."

पुडीत तांबड्या गोळ्या होत्या. रक्त वाढवायच्या, असं नर्सबाई म्हणाली होती. ही झुबेदा नर्स कवठे महांकाळहून एस.टी.नं यायची आणि फाट्यावर उतरून पायी गावात शिरायची. बाई बोलायला गोड. पण साल आणीबाणीचं होतं. नसबंदीवाल्यांच्या जीपचा आवाज आला की गावातले बाप्ये ज्वारीत जाऊन लपत. शेजारची बनुबाई तर छातीठोक सांगत होती, ऑपरेशनला गडी मिळंनात म्हणून आता बायांना गोळ्या देत्यात; खाल्ल्या की कूस बंद.

राहीबाईचा बनुबाईवर पुरता विश्वास नव्हता, नर्सबाईवरही नव्हता. आदल्या साली अंबूचं पोर सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. राहीबाईचा मुलगा ज्ञानू सुट्टी संपवून पुन्हा पलटणीत, लांब सरहद्दीवर. सुनेला पुन्हा दिवस गेले होते आणि ती पिवळी पडत चालली होती. काही बरंवाईट झालं तर पोराला तोंड काय दाखवायचं? गोळी द्यायची भीती, फेकायचीही भीती.

शेवटी तिनं ठरवलं. विख असलं तर आधी आपल्याला बाधू दे. जेवण झालं की चुलीकडं तोंड करून ती एक गोळी गिळायची. पहिल्याच आठवड्यात परसाकडं काळं झालं तेव्हा तिनं घाबरून यमाईला नवस बोलला. मग आठवलं, असं होईल, भिऊ नका, हेही नर्सबाई सांगून गेली होती.

अंबू बघत होती, बोलत नव्हती. विहिरीवरून घागर आणताना ती अर्ध्या चढावर टेकायची आणि राहीबाई दारातून ओरडायची, "बसली का म्हशीवानी! आमी कवा पाणीच भरलं न्हाई जणू!"

दसरा गेला. राहीबाईला अन्नाची वासना होऊ लागली. एक दिवस अंबूला भोवळ आली म्हणून घागर घेऊन ती स्वतःच विहिरीवर गेली. घरी येऊन घागर उतरवली आणि मग तिच्या ध्यानात आलं, वाटेत आपण कुठं टेकलोच नाही. कैक वर्षांत असं झालं नव्हतं. देवी पावली, असं तिला वाटलं.

दिवाळीनंतर झुबेदा आली. अंबूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आधीपेक्षा पांढरं दिसतंय. गोळ्या घेतल्यास का?"

ज्वारी पाखडणाऱ्या राहीबाईचं सूप थांबलं.

"घेतल्या की," अंबू म्हणाली. "आत्याबाईच आठवणीनं देत व्हत्या."

तिनं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सगळ्या घेऊनही असं असेल तर दुखणं दुसरंच काहीतरी आहे. तालुक्याला न्यावं लागेल."

राहीबाई उठली. अंगावरचा कोंडा झटकायचंही तिला सुचलं नाही.

"खोटं बोलती ती. गोळ्या म्या खाल्ल्या."

झुबेदानं जवळ येऊन राहीबाईचीही पापणी खाली ओढली. राहीबाई लहान पोरीसारखी मान वर करून उभी राहिली.

"का खाल्ल्या, मावशी?"

"विख हाय का बघाया."

झुबेदा हसली नाही. "मग? काय झालं?"

"कुटं काय? भूक लागती. विहिरीचा चढ न टेकता चढती मी आता, पयलं तर..."

वाक्य तिथंच राहिलं. राहीबाई सुनेकडं बघू लागली. अंबू भिंतीला टेकून बसली होती. एवढ्याशा बोलण्यानंही तिला धाप लागली होती.

झुबेदानं पिशवीतून दोन पुड्या काढल्या. "एक हिची, एक तुमची. तुम्हालाही अजून लागतात. पण नुसत्या गोळीनं भागत नाही, मावशी. ही जेवते कधी?"

"माज्या मागनं."

"तेव्हा कालवण उरतं?"



संध्याकाळी राहीबाईनं हरभऱ्याच्या पाल्याची भाजी केली. चुलीपुढं दोन ताटं मांडली आणि अंबूला हाक मारली.

"तुमी जेवा की. मी मागनं..."

"बस म्हणती न्हवं?"

अंबू अंग चोरून बसली. राहीबाईनं भाकरी वाढली, भाजी वाढली, पुन्हा वाढली. मग दोघी खाली मान घालून जेवत राहिल्या. भाकरी निम्मी सरली तेव्हा अंबूनं मान वर केली.

"आत्याबाई, मिरची हाय का एखादी?"

लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरात कधी काही मागितलं नव्हतं.

राहीबाई उष्ट्या हातानंच उठली.