शिंपल्यावरचा सरडा

आमच्या गावी मनुष्य गेला की त्याने आपल्या दहनासाठी राखून ठेवलेली वस्तू त्याच्यासंगे जाते. ती अखंड जात नाही. आधी फोडावी, मग अग्नीस द्यावी. एखादी मागे राहिली, तर चौथ्या दिवशी राख मातीत ठेवण्यापूर्वी तिचे तुकडे राखेत पोचलेच पाहिजेत. नाही पोचले, तर गेलेला अर्ध्या वाटेवर तिष्ठत राहतो. फोडण्याचा अधिकार गावप्रमुखाचा. ज्या हाताने मृताकडून विद्या घेतली, त्या हाताने ती वस्तू कधीही फोडू नये, असा आमच्या पूर्वजांचा दंडक आहे.

विसाग गेला तेव्हा त्याच्या राखेचे मडके मी घडवले. माझा जन्म मातीत गेला, त्याचा शिंपल्यांत. समुद्रावरून पायी वाहून आणलेल्या शिंपल्यावर तो राळेने आकृती रेखी आणि उंच निवडुंगाच्या फळांच्या आंबलेल्या रसात तो बुडवून ठेवी. राळेखालचे तेवढे जसेच्या तसे राही, उघडे असेल ते रस झिजवी. संध्याकाळी राळ खरवडली की शिंपल्यावर सरडा उठून दिसे. शिंगे, शेपूट, पाठीवरचे काटे, सारे. असा एक सरडा त्याने आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या चितेसाठी केला होता.

चितेपाशी गावप्रमुख माविद याने विसागचा रंग घोटण्याचा दगड फोडला, कापसाची पांढरी चादर फाडली, माळांचे मणी ठेचले. माविद म्हणजे विसागच्या पत्नीचा भाऊ. सरडा मात्र त्या ढिगात नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माविदच्या गळ्यात दिसला. तो दिसावा म्हणून त्याने खांद्यावरची चादर मुद्दाम मागे सारली होती.

विसागची मुलगी होही, त्याच्याच हाताखाली हे काम शिकलेली, शेंगा कुटत बसली होती. तिने मुसळ खाली ठेवले.

"मामा, गळ्यात काय घातलंय?"

"दिसतंय की तुला."

"दिसतंय म्हणूनच विचारते. बाबांच्या चितेवर का नाही गेलं ते?"

"अगं, उद्या चेंडूचा खेळ आहे. वरच्या गावची माणसं येणार. इतकं देखणं काम राखेत घालायचं? तुझ्या बाचाच मान वाढतोय यात."

"बाबांचा मान तुमच्या पोटावर लोंबतोय होय? मग बरोबर, जागा भरपूर आहे तिथं."

शेंगा कुटणाऱ्या बायका खदखदून हसल्या. माविदचे कान तापले.

"जीभ फार चालते तुझी! एवढा हात चालव. हुबेहूब दुसरा करून दे. तो मी घेईन, हा तुझ्या बाला देईन. हा घे, समोर ठेव नि बघून कर. पण त्याच्यासारखाच हवा. नाहीतर हाच घालणार मी."

असे म्हणून त्याने शिंपला गळ्यातून काढून तिच्या ओंजळीत टाकला. जो शिंपला दोन दिवस दडवून ठेवला होता, तोच त्याने तिच्या हाती सोपवला. अलंकार म्हणूनच त्याकडे पाहणाऱ्याला त्यात भय ते काय वाटावे?

दुपारी राखेचे मडके दाखवायला मी तिच्याकडे गेलो. नव्या शिंपल्यावर ती राळ लावीत होती. संतापाने बोट थरथरले नि शेपूट वाकडी गेली. तिने पुसली, पुन्हा काढली, पुन्हा वाकडी.

"काका, बाबांचा हात मला नाही. मामाला ते पक्कं ठाऊक आहे. मी काहीही केलं तरी नाक मुरडणार नि हाच पुन्हा गळ्यात अडकवणार."

"मग काय करतेस, पोरी?"

तिने वडिलांचा शिंपला उचलला. त्यावर राळेचा कणही नव्हता. तसाच, उघडा, तिने रसाच्या मडक्यात सोडला. बारीक बुडबुडे सरसर वर आले.

"अगं, तुझ्याच हातानं? दंडक विसरलीस?"

"फोडत नाहीये मी. फोडतील ते मामाच. मी फक्त त्यांना नकोसा करतेय." आणि मग एकदम मडक्यावर हात ठेवून ती ओरडली, "शेवटचा सरडा होता हो, काका! हे मला करायला लावलं मामानं!"

 

चौथ्या दिवशी सारा गाव राखेभोवती जमला. माविद खेळासाठी नवी चादर पांघरून, रंग लावून आला. होहीने तळहात पुढे केला. त्यावर नखासारखी पातळ, पांढरी, कोरी चकती होती.

"हे काय?"

"बाबांचा शिंपला."

"सरडा कुठाय त्याच्यावरचा?"

"ज्याचा होता त्याच्याकडे गेला."

"बापाचं काम नासवलंस तू? लाज नाही वाटत?"

"नासवलं! तुम्हाला एक दगड उचलवला नाही, म्हणून नासवलं. आता घाला गळ्यात. घाला ना, मामा! वरच्या गावाला दाखवा!"

या वेळी कोणी हसले नाही. म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या आणि माविदकडे पाहत राहिल्या. त्याने चकती घेतली, सपाट दगडावर ठेवली, दुसरा दगड उचलला. वाळके पान चुरावे एवढाच आवाज झाला. तुकडे मी राखेत मिसळले आणि मडक्यावर झाकण ठेवले. विसागची वाट मोकळी झाली.

जाता जाता माविद घुटमळला. "आणि तो दुसरा? खेळाला निदान..."

"तो माझ्या चितेसाठी आहे. वाकड्या शेपटीचा. तुम्हाला नाही शोभायचा."

तो मोकळ्या गळ्याने खेळाच्या मैदानाकडे निघून गेला. होहीची बोटे रसाने पांढरी पडून चुरचुरत होती. मी म्हणालो, "कालव्यावर जा, पाण्यात बुडव जरा."

"राहू दे, काका," ती दात आवळून म्हणाली. "ही आग एवढ्यात नाही विझवायची मला."