आठ इंच सैल

रुग्णालयवाल्यांनो, तुम्ही तिचं पोट कापलंत, शिवलंत आणि हात झटकून मोकळे झालात. घरी पाठवताना झेरॉक्स काढलेला एक कागद दिलात, त्याच्या तळाशी छापलं होतंत, शंका आल्यास फोन करावा. तिला शंका आली. तिने फोन केला, एकदा नाही, चार वेळा. त्या चार फोनांचं तुमच्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल, कारण माहीत करून घेण्याची तुम्हाला कधी गरजच पडली नाही. पडायला हवी होती. म्हणून आता ऐका.

ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर. तिला सगळे टेलरबाईच म्हणत, घरी नणंदसुद्धा चिडवायची असेल तेव्हा तेच म्हणे. तीन वर्षं जिभेला कुलूप घालून तिने साठ किलो वजन उतरवलं होतं. वजन गेलं, कातडी राहिली. पोटाची घडी मांडीवर लोंबायची. घडीच्या आत घाम साठून कातडी सोलवटायची, आणि कापायच्या टेबलाशी उभी राहिली की ती घडी आधी टेबलावर टेकायची, मग कापड. ती लोंबणारी कातडी काढण्यासाठी ऑपरेशन झालं. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लांबच लांब चीर, नाभी नव्या जागी बसवलेली. चौथ्या दिवशी ती वाकून चालत घरी आली, पोटावर तुम्हीच दिलेला रुंद, हुकांचा पट्टा घालून.

कागदावर लिहिलं होतं: पट्टा दिवसरात्र घालावा. टाक्यांवरची कागदी पट्टी ओढून काढू नये. सहा आठवडे वजन उचलू नये. जखम पूर्ण भरेपर्यंत चोळू नये, तेल लावू नये. आणि निघताना सिस्टर तोंडी म्हणाली होती, "पट्टा घट्ट बसला पाहिजे हं. सैल पट्ट्याचा उपयोग नाही, आत पाणी धरतं."

पहिले दिवस पोटावर जाड ड्रेसिंग होतं, वर सूज होती, म्हणून पट्टा कसाबसा टिकला. ड्रेसिंग निघालं, सूज उतरली, आणि आठव्या दिवशी हुकांची शेवटची रांग लावूनही पट्टा वर सरकून छातीखाली गोळा व्हायला लागला. तिने फोन केला. सर्जन ऑपरेशनमध्ये आहेत. दुपारी केला. नंबर लिहून घेतलाय. दुसऱ्या दिवशी केला. कुठला पट्टा? पट्ट्याचं मेडिकलमध्ये विचारा. चौथ्यांदा केला तेव्हा पलीकडून फोन उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कुणीतरी दुसऱ्याच कुणाशी लिफ्ट बंद पडल्याबद्दल बोलत राहिलं.

"सोड त्यांचा नाद," नणंद म्हणाली. ही नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, ऑपरेशनला कडाडून विरोध करणारी आणि ऑपरेशन झाल्यावर सुट्टी टाकून सेवेला हजर होणारी. "एवढ्या लोकांचे कपडे मापात आणतेस, तुझा एक पट्टा नाही आणता येणार?"

तिला तेच ऐकायचं होतं. सैल कपडा आणि घट्ट हवा, एवढंच काम. असं काम तिने आयुष्यभर केलेलं. आरशासमोर उभी राहून तिने पट्ट्याला टाचण्या लावल्या, खडूने खुणा केल्या. मग नणंदेने जुना कपडा घट्ट गुंडाळून दिला तेवढा वेळ पट्टा अंगावरून काढून दोन्ही बाजूंनी मिळून आठ इंच आत घेतला. खालची कड गुंडाळत होती, म्हणून कडेला दुहेरी दुमड घालून वरून जाड शिवण मारली. पँटच्या काठाला मारतात तशी, दहा वर्षं न उसवणारी. घातला तेव्हा पट्टा असा चपखल बसला की नणंदेने भुवया उंचावल्या.

"कंपनीवाल्यांना दाखव नेऊन. नोकरी देतील."

"पाठ सरळ करता येऊ दे आधी," ती म्हणाली, पण मनातून खूश होती.

चूक इथे झाली आणि ती तिची होती. ती जाड कड बरोबर चिरेच्या मधोमध येऊन बसत होती. कापडाच्या शिवणीवर दाब आला की शिवण पक्की होते, इस्त्री फिरवली की आणखी. हे तिच्या हातांना इतकं माहीत होतं की अंगाच्या शिवणीला दाब चालत नाही, तिथे रक्त पोचावं लागतं, हे डोक्यात शिरलंच नाही. आणि दुखलंही नाही. नाभीखालची कातडी कापल्यापासून बधिर होती. बोट लावलं तर दुसऱ्या कुणाच्या पोटाला लावल्यासारखं वाटायचं.

बाराव्या दिवशी सकाळी अंघोळीसाठी पट्टा काढला. कागदी पट्टी मध्यभागी आपोआप सुटली होती. नणंद खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"वहिनी, इथे काही लावलंयस का? काळं?"

"काय लावू? लावायचं नाही म्हणून लिहिलंय."

नणंदेने ओल्या कापसाने हलकेच पुसलं. काळं निघालं नाही. चिरेच्या मधोमध दोन बोटं रुंद डाग, कडेला जांभळा, आत शाईसारखा. नणंद लगेच बाहेर जायचे कपडे आणायला गेली.

रुग्णालयात शिरताना नणंदेने ऑफिसात पट्टा, शिवण, डाग, सगळं सांगितलं. आत सिस्टरने डाग बघितला आणि धावत सर्जनना घेऊन आली. सर्जन तरुण होते, हात स्वच्छ, नजर घाईची. त्यांनी डागाच्या कडेला बोट दाबलं आणि सोडलं. दाबलेली जागा पांढरी पडली, मग हळूहळू गुलाबी झाली. थोडं आत दाबलं. गुलाबी यायला उशीर लागला. मधोमध दाबलं. तिथे काहीच बदललं नाही.

"पट्टा दाखवा."

त्यांनी तो उलटा केला, अंगठा शिवणीवरून फिरवला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तुम्हाला कुणी सांगितलं करायला?"

"कुणीच काही सांगितलं नाही, म्हणून तर केलं," नणंद दारातून म्हणाली.

सर्जननी तिकडे लक्ष दिलं नाही. आता पट्टा बंद, म्हणाले. रोज ड्रेसिंग. चार दिवसांत कळेल. डाग वरवरचा असेल तर पापुद्रा निघून खाली कातडी येईल. खोल असेल तर मेलेला भाग कापावा लागेल, जखम उघडी ठेवून भरू द्यावी लागेल, महिने जातील. ते दाराकडे वळले आणि त्यांच्या जागी ऑफिसातल्या मॅडम आल्या, हातात पॅड, पॅडवर आधीच टाइप केलेला कागद.

"ड्रेसिंगच्या आधी एवढी सही."

कागदावर लिहिलं होतं की रुग्णालयाने दिलेल्या पट्ट्यात रुग्णाने स्वतःच्या मर्जीने फेरफार केला, त्यामुळे जखमेला इजा झाली, पुढील परिणामांस रुग्णालय जबाबदार राहणार नाही.

"आणि सही नाही केली तर?" तिने विचारलं.

"तसं नाही हो. फॉर्मॅलिटी असते."

"म्हणजे ड्रेसिंग करणार ना?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं. उत्तर ते होतं.

ती पलंगावर झोपलेली, पोट उघडं, डाग पंख्याच्या वाऱ्यावर. पेन घेतलं असतं तर सगळं पाच मिनिटांत उरकलं असतं. तिने पेन घेतलं नाही. नणंदेला म्हणाली, "माझी पर्स दे." पर्समधून तिने मोजपट्टी काढली आणि टाके उसवायचं छोटं हत्यार.

कारखान्यात तिचा एक नियम होता आणि नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी तो शिकवायची. आत घेतलेलं कापड कापून टाकायचं नाही. दुमडून शिवणीत ठेवायचं, माणूस उद्या जाड होऊ शकतो. सर्जननी उशाशी ठेवलेल्या पट्ट्यातही तिने एक इंच कापला नव्हता. झोपल्या झोपल्या तिने दोन्ही बाजूंचे टाके उसवले, छातीवर पट्टा पसरला, मोजला.

"सेहेचाळीस," ती म्हणाली. "लेबलवर पण तेच आहे. सिस्टर, माझी कंबर मोजा. आत्ता."

सिस्टरने मॅडमकडे बघितलं. मग मोजपट्टी घेतली आणि डाग सोडून, नाभीवरून, हळूच मोजलं.

"अडतीस."

"फाइलमध्ये माझं माप किती?"

सर्जन अजून दारातच होते. फाइल त्यांच्याच हातात होती. त्यांनी पानं उलटली. "सेहेचाळीस," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण पुढचं वाक्य हळू आलं. "हे तपासणीच्या दिवसाचं आहे."

"ऑपरेशनच्या आधीचं. पोट होतं तेव्हाचं. पोट कापून काढल्यावर पोट उरत नाही, एवढं तर तुम्हाला ठाऊक असेल." तिचा आवाज चढला नाही. चढवला असता तर टाक्यांवर ताण आला असता. "आमच्याकडे शाळेतल्या पोराचा शर्टसुद्धा ट्रायल घेतल्याशिवाय देत नाहीत."

"बाई, तुम्ही ती कड शिवली नसती तर..." मॅडमनी सुरुवात केली.

"ती माझी चूक. ती मी लिहून देते, तुम्ही टाइप करायची गरज नव्हती."

सिस्टरने ट्रे ओढला, ड्रेसिंगचं पाकीट फाडलं.

"सही झालेली नाही," मॅडम म्हणाल्या.

"जखम उघडी पडलीय," सिस्टर म्हणाली आणि हातमोजे चढवले.

थंड पाणी डागावरून वाहून खालच्या कापडात जिरलं. तिला ते जाणवलंच नाही, फक्त दिसलं. चार दिवसांनी तो डाग पापुद्र्यासारखा सुटणार की खड्डा होणार, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. सिस्टरचा हात चालू असतानाच तिने मॅडमच्या हातातून पॅड घेतलं. टाइप केलेल्या ओळींखाली लिहिलं की कडेची शिवण जखमेवर आली, ती चूक माझी. त्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि पॅड मॅडमना न देता सर्जनसमोर धरलं.

ऑपरेशननंतर, मला पट्टा घालण्याआधी, माझं माप कुणी घेतलं? नाव आणि तारीख.

"इथे भरा," ती म्हणाली. "मग मी खाली सही करते. कुणी घेतलं, डॉक्टर?"