अंगठ्याचा पांढरा डाग

मित्रांनो, भट्टीच्या पोटात उभं आयुष्य काढलेली मी क्वार्ट्झची एक जुनी नळी. दिसायला काचच, पण खिडकीच्या काचेशी माझी बरोबरी करू नका हं. निवडक वाळू वितळवून मला घडवलं. मी लालबुंद तापते, तरी वितळत नाही की तडकत नाही. माझ्या पोटात सिलिकॉनच्या चकत्या भाजतात आणि त्यांच्यापासून तुमच्या फोनमधल्या चिप बनतात. एवढा माझा तोरा! वावडं काय ते घामट बोटांचं. घाम अंगाला लागला आणि मी तशीच तापले, की तिथे पांढरा डाग उमटतो, तो जन्माचा.

म्हणून आमच्याकडे मामांचा धाक होता. मामा भट्टीवरचे सगळ्यांत जुने कारागीर. हातमोज्यांशिवाय ते कुणाला माझ्याजवळ फिरकू देत नसत. नुकतीच कामाला लागलेली त्यांची सख्खी भाचीही यातून सुटली नाही. मामा झोपेतसुद्धा मोजे घालतात, असं ती हसत सांगायची.

एकदा दोघांनी मला ॲसिडने धुऊन लख्ख केलं. भाची चकत्या आणायला गेली. मामांनी मोजा काढून कपाळ पुसलं आणि जाता जाता, लेकराला थोपटावं तसं मला थोपटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पुसायचं मात्र ते विसरले.

भट्टी निवली तेव्हा माझ्या अंगावर पांढराफटक अंगठा उमटला होता. सुपरवायझर बाईंनी सगळ्यांदेखत भाचीलाच धरलं. नवी पोर, दुसरं कोण असणार? उद्यापासून येऊ नकोस, म्हणाल्या. मामांना सगळं आठवलं होतं, त्यांचे कान लाल झाले होते. तरी ते जमिनीकडे बघत गप्प राहिले. आणि मी? आरपार दिसते म्हणून मिरवणारी मी, तोंडातून ब्र काढू शकले नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

भाची बाईंशी वाद घालत बसली नाही. ती मामांकडे वळली.

"मामा, मी मोजे काढले नव्हते. तुम्हाला तरी पटतंय ना?"

मामांनी डोळे मिटले. मग सावकाश मोजा काढून आपला अंगठा डागाशेजारी धरला. जुन्या जखमेची तिरपी रेघ दोन्हीकडे तीच होती.

"पोरीला काही बोलू नका. हात माझा आहे."

भाचीची नोकरी वाचली. मी मात्र डागी ठरून भट्टीतून निघाले. आता दाराशी, मोज्यांच्या खोक्याजवळ उभी असते. मित्रांनो, आम्हाला हात लावताना मोजे जरूर घाला. पण डाग दिसलाच, तर दुसऱ्याचं नाव घेण्याआधी स्वतःचा हात उघडून बघा.

मामा अजून कामाला येतात. दाराशी आले की भाची त्यांच्यापुढे मोजे धरते, ते घालून होईपर्यंत थांबते आणि मगच दार उघडते. मामा मान वर करत नाहीत.